मनाच्या आजारावर विजेचा उपचार : भीती किती खरी, किती खोटी?

घरातले एखादे कर्ते माणूस हळूहळू मिटत जाते. आधी बोलणे कमी होते, मग शेताकडे फिरकणे बंद होते. पहाटे तीनलाच झोप उडते आणि उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडून राहायचे. पुढे ताट ठेवले तरी घास तोंडापर्यंत जात नाही. ‘माझ्यामुळेच घराचे वाटोळे झाले’ हे एकच पालुपद. घरचे आधी समजावतात, मग रागावतात, मग नवससायास आणि उतारे होतात. शेवटी कोणीतरी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेते. गोळ्या सुरू होतात. महिना-दोन महिने जातात, गुण येत नाही. आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, “यांना विजेचे उपचार द्यावे लागतील.”

एवढे ऐकले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ‘म्हणजे शॉक? वेड्यांना देतात तो? नको रे बाबा!’ हातपाय बांधलेला माणूस, त्याची ती किंकाळी, असले चित्रपटातले दृश्य डोळ्यांपुढे उभे राहते. कित्येक घरे तिथूनच माणसाला परत आणतात. परत आणलेला माणूस आपोआप बरा होतो असे मात्र नाही.

वाचकहो, हा उपचार घ्यावा की न घ्यावा हे त्या त्या रोग्याने, घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचे. पण ठरवताना ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. हा उपचार आला कुठून, त्याने मेंदूत काय घडते, गुण किती येतो आणि त्यासाठी काय मोजावे लागते, हे सारे आज आपण सरळपणे पाहू.

दुःख वेगळे, आजार वेगळा

पीक बुडाले, जनावर दगावले, जिवाभावाचे माणूस गेले, तर कोणालाही दुःख होणारच. अशा दुःखात माणूस रडतो, पण शेजारी येऊन बसला तर चार शब्द बोलतो. नातवंड मांडीवर आले तर क्षणभर हसतो. दिवस जातात तसे मन वर येते.

खिन्नतेच्या आजारात, ज्याला डॉक्टर डिप्रेशन किंवा नैराश्य म्हणतात, हे वर येणे थांबते. आनंदाची गोष्ट घडली तरी मनाला शिवत नाही. भूक, झोप, शक्ती, लक्ष, सगळेच आटते. हा आजार दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो अंगावर काढू नये. पुष्कळांना गोळ्यांनी आणि बोलण्याच्या उपचारांनी बरे वाटते. विजेच्या उपचाराचा प्रश्न येतो तो आजाराने फार खोल गाठले असेल तेव्हा. रोग्याने अन्नपाणी सोडले, तो दगडासारखा निश्चल झाला, ‘मी मेलेलाच आहे, माझी आतडी सडली आहेत’ अशा भलत्याच समजुती धरून बसला, जीव देण्याचा विचार त्याला सोडीना, किंवा दोन-तीन प्रकारची औषधे पुरेसे दिवस घेऊनही उपयोग झाला नाही, असे हे रोगी असतात. अशा वेळी गोळीचा गुण येण्याची चार-सहा आठवडे वाट पाहणे परवडत नाही.

कापरापासून विजेपर्यंत

या उपचाराची सुरुवात विजेने झालेली नाही, ती झाली कापराने. हंगेरी देशाच्या बुडापेस्ट शहरात लादिस्लास मेदुना नावाचे डॉक्टर होते. मनाचे काही गंभीर आजार आणि आकडी, म्हणजे फेफरे, ही एकमेकांची वैरी असावीत, असा त्यांचा तर्क होता. मग आकडी मुद्दाम आणली तर मनाचा आजार हटेल का? जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी तेलात विरघळवलेला कापूर रोग्यांना टोचून आकडी आणली. तो तर्क पुढे टिकला नाही, पण काही रोगी खरोखर सुधारले. (जाता जाता एक सूचना : कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना आकडी येते आणि जिवावर बेतू शकते. देवघरातली कापराची डबी मुलांच्या हाती लागू देऊ नका.)

कापराचा परिणाम केव्हा होईल याचा नेम नसे. म्हणून मेदुनांनी कार्डिॲझॉल नावाचे दुसरे औषध घेतले. त्याने आकडी लगेच येई, पण टोचल्यापासून आकडी येईपर्यंतच्या थोड्या वेळात रोग्याला विलक्षण भयाने ग्रासले जाई. एकदा अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्यांदा तयार होत नसे.

इटलीतल्या रोम शहरात ऊगो चेर्लेत्ती आणि लुचो बीनी हे दोन डॉक्टर त्याच सुमारास दुसरा मार्ग शोधत होते. कुत्र्यांवरच्या प्रयोगात ते विजेने आकडी आणत, पण पुष्कळ कुत्री मरत. कारण विजेची एक तार तोंडाशी आणि दुसरी मागच्या बाजूला, म्हणजे वीज थेट काळजातून जाई. तारा दोन्ही कानशिलांशी लावल्या तर वीज काळजाकडे जात नाही, हे बीनींनी ओळखले. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना विजेने मारतात असे कानावर आले, तेव्हा चेर्लेत्ती तिथे जाऊन पाहून आले. वीज मारीत नव्हतीच. चिमट्याने डोक्याला वीज लावली की डुकराला आकडी येऊन ते बेशुद्ध पडे आणि मग खाटीक सुरी चालवी. सुरी न लावलेले डुक्कर थोड्या वेळाने उठून चालू लागे.

एप्रिल १९३८ मध्ये या दोघांनी हा उपचार पहिल्या माणसावर केला. रोमच्या रेल्वे स्थानकावर असंबद्ध बडबडत फिरणारा तो माणूस पोलिसांनी दवाखान्यात आणून सोडला होता. अकरा उपचारांनंतर तो सावरला, घरी गेला आणि कामालाही लागला. पुढे मात्र त्याचा आजार उलटला. त्याचा आजार खिन्नतेचा नव्हता, वेगळा होता. उपचाराचा खरा गुण खिन्नतेत येतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात थोड्याच दिवसांत आले.

या हकिकतीतली आणखी एक गोष्ट विसरू नये. त्या माणसाची संमती कोणी विचारली नव्हती. पहिला झटका कमी पडला तेव्हा ‘आता दुसरा नको’ असे तो ओरडला होता, तरी दुसरा दिला गेला. या उपचाराबद्दलची भीती लोकांनी उगाच मनाने रचलेली नाही. पुढची कित्येक वर्षे अनेक देशांत हा उपचार भूल न देता, चार जणांनी धरून, आणि कधी कधी दंगा करणाऱ्याला गप्प करण्यासाठीही दिला गेला. आकडीच्या जोराने माणसांच्या पाठीचे मणके मोडले. आपल्या देशातही भूल न देता उपचार करण्याची पद्धत फार वर्षे चालू होती.

आज तो कसा देतात

१९४० साली अमेरिकेतल्या एब्राम बेनेट या डॉक्टरांनी आकडीआधी क्युरारे हे औषध देऊन पाहिले. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणाला लावतात तेच हे विष. बेताने दिले तर ते स्नायू सैल करते, म्हणजे आकडीत हाड मोडत नाही. १९५०च्या दशकात त्याहून सुरक्षित आणि काही मिनिटांतच उतरणारे औषध आले. आता पद्धत अशी आहे :

रोगी उपाशीपोटी येतो. भूलतज्ज्ञ शिरेतून भूल देतात आणि रोगी झोपतो. मग स्नायू सैल करणारे औषध देतात. त्याआधी एका पायाच्या घोट्यावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळून फुगवलेला असतो, म्हणजे ते औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. तोंडात दात सांभाळणारी रबरी गादी ठेवतात, मुखवट्यातून प्राणवायू देतात. डोक्याला लावलेल्या दोन चकत्यांतून फार तर आठ सेकंद वीज सोडतात. तीही सलग नसते, अगदी बारीक ठोक्यांनी दिली जाते. या यंत्राची नेहमीची कमाल मर्यादा सुमारे १०० ज्यूल एवढी आहे. १०० वॅटचा दिवा एक सेकंद जळायला तेवढी ऊर्जा लागते.

मग आकडी येते. पण पाहणाऱ्याला किंचित थरथर आणि तो एक पाऊल हलताना दिसते, इतकेच. साधारण २० ते ६० सेकंदांत आकडी थांबते. पाच-दहा मिनिटांत रोगी डोळे उघडतो. त्याला वेदना झालेली नसते, कारण तो भुलीत होता. जागा झाल्यावर अर्धा-एक तास तो गोंधळलेला असतो. डोके, जबडा, अंग दुखते, मळमळते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे एकूण सहा ते बारा उपचार बहुधा लागतात.

जिवाला धोका किती? अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून २०१७ साली काढलेला हिशेब सांगतो की दर एक लाख उपचारांमागे सुमारे दोन मृत्यू होतात. भूल देऊन केलेल्या लहान शस्त्रक्रियेतला धोकाही साधारण एवढाच मानतात. मात्र नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला असेल, मेंदूत गाठ असेल, तर धोका वाढतो. म्हणून आधी तपासण्या करतात.

मेंदूत काय घडते?

आता मुख्य प्रश्न. बाहेरून दिलेल्या विजेने मनातली काळोखी कशी हटते?

मेंदू मुळात विजेवरच चालतो. ही वीज इतकी सूक्ष्म असते की ती टिपायला नाजूक यंत्र लागते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बेर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ती प्रथम टिपली आणि १९२९ साली जगापुढे मांडली. डोक्याला तारा चिकटवून कागदावर उमटवलेल्या त्या नागमोडी रेघांना ई.ई.जी. म्हणतात. माणूस जागा पण डोळे मिटून स्वस्थ असला तर सेकंदाला ८ ते १३ लाटा दिसतात. गाढ झोपेत लाटा मोठ्या आणि संथ होतात, सेकंदाला चाराहूनही कमी.

विजेच्या उपचारात हीच रेघ पाहण्यासारखी असते. आधी टोकदार, दाट लाटा उसळतात, म्हणजे लाखो पेशी एका तालावर पेटतात. मग लाटा मोठ्या आणि विरळ होत जातात. आणि एकाएकी रेघ सपाट होते.

इथे नीट लक्ष द्या. बाहेरची वीज कधीच बंद झालेली असते, आकडी त्यानंतरही चालू राहते. मग ती थांबवली कोणी? मेंदूने स्वतःच. भरलेली बैलगाडी उताराला लागली आणि बैल उधळले की गाडीवान सगळे बळ लावून कासरा ओढतो, तसा मेंदू आपला कासरा ओढतो. उपचार पुढे सरकतात तसा हा कासरा घट्ट होत जातो, कारण पुढच्या खेपेस आकडी आणायला बहुधा जास्त वीज लागते. म्हणून पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत असे की गुण येतो तो मेंदूच्या या आवरण्याच्या शक्तीला जाग आल्यामुळे.

मग नुसती आकडी आली की झाले का? तेवढ्याने भागत नाही, हे न्यूयॉर्कच्या हॅरल्ड सॅकाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले. त्यांनी खिन्नतेच्या ९६ रोग्यांचे चार गट केले. कोणाला डोक्याच्या फक्त उजव्या बाजूने वीज दिली, कोणाला दोन्ही बाजूंनी. कोणाला जेमतेम आकडी येण्याइतकी, कोणाला त्याहून जास्त. नीट आकडी सगळ्यांनाच आली. पण उजव्या बाजूने कमी वीज मिळालेल्यांत शंभरात १७ जणांना गुण आला, उजव्या बाजूने जास्त वीज मिळालेल्यांत ४३ जणांना, आणि दोन्ही बाजूंनी मिळालेल्यांत ६३ ते ६५ जणांना. आकडी मेंदूच्या कोणत्या भागात आणि किती जोराने उठली यावर गुण अवलंबून असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरा धागा संथ लाटांचा. अमेरिकेतल्या मॅक्स फिंक आणि रॉबर्ट कान यांनी १९५७ सालीच नोंदवले होते की उपचारांच्या मधल्या दिवसांत ज्यांच्या ई.ई.जी.मध्ये संथ लाटा लवकर आणि ठळक दिसू लागतात, ते जास्त सुधारतात. सॅकाइम यांच्या गटालाही १९९६ साली कपाळामागच्या भागात अशा संथ लाटा आणि सुधारणा यांचा संबंध सापडला. विचार, निर्णय आणि स्वतःला दोष देणे यांच्याशी मेंदूचा हाच भाग निगडित आहे.

या संथ लाटांचा अर्थ काय, याचे एक नवे उत्तर २०२३ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतून आले. सिडनी स्मिथ आणि ब्रॅडली व्हॉयटेक यांनी लाटांबरोबर रेघेतल्या ‘गुणगुणी’कडेही पाहिले. यात्रेत ढोल-ताशाचा ठेका वेगळा ऐकू येतो आणि गर्दीचा गलका वेगळा. मेंदूच्या रेघेतही ठेक्याच्या लाटा असतात आणि त्यामागे एक बिनठेक्याचा गलका असतो. विजेच्या उपचारानंतर या गलक्याची ठेवण बदलते, आणि तो बदल पेशींना आवर घालणारी क्रिया वाढल्याची खूण असावा, असे त्यांचे म्हणणे. तपासलेले रोगी थोडे होते, पण कासऱ्याच्या कल्पनेशी हे जुळते.

तिसरा धागा स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाचा. तिथे २०१२ साली नऊ रोग्यांच्या मेंदूची छायाचित्रे उपचाराआधी आणि नंतर घेतली. कपाळामागच्या डाव्या भागाचे मेंदूच्या इतर भागांशी असलेले दळणवळण उपचारानंतर कमी झालेले आढळले, आणि रोग्यांची खिन्नताही उतरली. सगळे पाट एकमेकांत फुटून रानभर नुसते पाणीच पाणी व्हावे आणि एकाही वाफ्याचे भरणे नीट होऊ नये, तसे आजारी मेंदूत होत असावे. उपचाराने पाटांचे बांध पुन्हा नीट बसत असावेत, असा त्या शास्त्रज्ञांचा अंदाज.

उपचाराने मेंदूच्या पेशी जळतात, अशी एक भीती लोकांना असते. २०१८ साली अनेक देशांतल्या २८१ रोग्यांच्या छायाचित्रांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात आठवणींशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग उपचारानंतर झिजलेला तर दिसला नाहीच, उलट आकाराने थोडा वाढलेला दिसला. पण तो जास्त वाढला म्हणून गुण जास्त आला, असेही नव्हते. तेव्हा या एका वाढीवर सगळा उलगडा टांगता येत नाही. धागे पुष्कळ हाती आले आहेत, वस्त्र अजून पूर्ण विणले गेलेले नाही.

गुण येतो, पण टिकवावा लागतो

केवळ भूल दिल्याने आणि डॉक्टर-नर्सनी जवळ बसून काळजी घेतल्यानेच रोग्याला बरे वाटत असेल, अशी शंका घेणे वाजवी आहे. म्हणून इंग्लंडमध्ये काही रोग्यांना भूल दिली पण वीज दिलीच नाही, असे प्रयोग झाले. १९८० सालच्या अशा एका प्रयोगात ७० रोगी होते. भूल मिळालेले सगळेच काही प्रमाणात सुधारले, वीज मिळालेले अधिक. पण काही महिन्यांनी दोन्ही गटांतला फरक उरला नाही. असे सहा प्रयोग एकत्र करून २०० हून अधिक रोग्यांचा हिशेब २००३ साली मांडला गेला, तेव्हा खऱ्या उपचाराचे पारडे जड ठरले. औषधांशी तुलना करणाऱ्या १८ प्रयोगांतही तेच दिसले.

पण गुण आला म्हणजे काम संपले असे समजू नका. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात विजेच्या उपचाराने बरे झालेल्यांचे तीन गट केले होते. ज्यांना पुढे नुसत्या बिनऔषधी गोळ्या दिल्या, त्यांच्यातल्या शंभरातल्या ८४ जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला. एक औषध चालू ठेवलेल्यांत ६० जणांचा, आणि दोन औषधे चालू ठेवलेल्यांत ३९ जणांचा. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. माणूस हसू-बोलू लागला, शेतावर जाऊ लागला, म्हणून ‘आता कशाला गोळ्या?’ म्हणून त्या बंद केल्या, तर विजेच्या उपचाराने कमावलेले सारे पाण्यात जाते. गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

विसरभोळेपणाचे काय?

या उपचाराची खरी किंमत इथे आहे आणि ती लपवू नये. उपचार चालू असताना नवे लक्षात राहत नाही, हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. डब्लिन शहरातल्या दोन संशोधकांनी २०१० साली ८४ अभ्यासांतल्या २,९८१ रोग्यांची माहिती एकत्र तपासली. स्मरणाच्या आणि विचाराच्या चाचण्यांतली घसरण मुख्यतः शेवटच्या उपचारानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिसली. पंधरा दिवसांनंतर पुष्कळ बाबतींत रोगी उपचाराआधीपेक्षा चांगले होते.

पण आठवणी म्हणजे केवळ चाचणीतले गुण नव्हेत. लंडनच्या संशोधकांनी २००३ साली रोग्यांचीच मते गोळा केली. निदान एक तृतीयांश लोकांनी आपल्या काही आठवणी कायमच्या गेल्याचे सांगितले. उपचाराच्या आसपासच्या महिन्यांतले एखादे लग्न, एखादा प्रवास, एखादा व्यवहार आठवणीतून पुसला जाणे, ही लहान गोष्ट नाही. रोगी तसे सांगत असेल तर त्याला खोटे पाडू नका.

दोन्ही बाजूंनी वीज दिली तर विसर जास्त पडतो. सॅकाइम यांच्याच गटाने २००० साली दाखवले की उजव्या बाजूने पुरेशा जोराने वीज दिली तर गुण दोन्ही बाजूंच्या तोडीचा येतो आणि विसर मात्र कमी पडतो. तेव्हा ‘कोणत्या बाजूने देणार?’ हे डॉक्टरांना अवश्य विचारा. हा अडाणी प्रश्न नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे

आपल्या देशाच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई केली आहे. अठरा वर्षांखालील मुलांना तो देता येत नाही. अगदी अपरिहार्य झाल्यास पालकांची संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात. तातडीचा उपचार म्हणून संमतीवाचून तो देण्यासही कायद्यात मुभा नाही. उपचार समजावून घेऊन, विचार करून संमती देणे हा रोग्याचा हक्क आहे. त्याची मनःस्थिती तेवढी नसेल, तर त्याने नेमलेला किंवा कायद्याने ठरलेला प्रतिनिधी त्याच्या वतीने निर्णय घेतो. कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

हा उपचार घ्यायचे ठरले तर घरच्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. उपचाराच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून रोग्याच्या पोटात काही जाऊ देऊ नये. मायेपोटी दिलेला घोटभर चहासुद्धा नको. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते.

२. दमा, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण आणि चालू असलेली सगळी औषधे, झाडपाल्याचीही, आधी सांगावीत.

३. हलणारे दात, कवळी, दागिने यांची माहिती द्यावी आणि कवळी व दागिने काढून ठेवावेत.

४. उपचार चालू असेपर्यंत रोग्याला मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबाकुट्टी यांपासून दूर ठेवावे. विहिरीवर एकटे पाठवू नये.

५. त्या दिवसांत जमिनीचे, कर्जाचे, सोयरिकीचे कागद त्याच्यापुढे ठेवू नयेत. महत्त्वाच्या गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात.

६. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. खिन्नतेने ग्रासलेल्या माणसाच्या घरात ही एक गोष्ट जीव वाचवते. उपचार सुरू झाल्यावर, माणसाला थोडी शक्ती आली की आणखी काही दिवस डोळ्यांत तेल घालून जपावे.

मदत कुठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही तो असतो. महाराष्ट्रात पुण्याजवळ येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळी येथे सरकारी मानसोपचार संस्था आहे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, फुकट आणि मराठीत बोलता येते. जीव देण्याची भाषा घरात कोणी बोलू लागले तर ‘नुसतेच बोलतो आहे’ असे समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा मानतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

वाचकहो, हाडाला प्लास्टर घालतात, मोतीबिंदू काढतात, तेव्हा गावात कोणी तोंड लपवत नाही. मेंदू हासुद्धा शरीराचाच एक अवयव. त्याच्यावरच्या उपचाराची चौकशी करावी, धोके विचारावेत, पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि मग निर्णय करावा. उपचार नाकारायचा असला तरी समजून उमजून नाकारावा. मात्र ‘लोक काय म्हणतील’ या एका कारणासाठी घरातले माणूस भिंतीकडे तोंड करून झिजू देऊ नये. म्हणणारे लोक चार दिवस म्हणतील आणि आपापल्या कामाला लागतील. माणूस गेला तर तो घरातून जातो.